‘सक्रिय ग्राहक’ नेमके किती? एका बैठकीत तीन उत्तरं

नोंदवही · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका घरपोच दूध देणाऱ्या कंपनीत मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. कंपनीचं नाव देत नाही. आकडेही बदललेत, पण त्यांच्यातलं अंतर साधारण तसंच ठेवलंय.

गेल्या आठवड्यात मासिक आढावा होता. पहिली स्लाइड मार्केटिंगची: सक्रिय ग्राहक ५२ हजार. दहा मिनिटांनी ऑपरेशन्सची स्लाइड आली: सक्रिय ग्राहक ४१ हजार. त्यावर फायनान्सचे साहेब म्हणाले, आमच्याकडे महिन्याला बिलंच ३८ हजार निघालीत. संचालकांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यातला खरा कुठला?" मला उत्तर देता आलं नाही. तासाभराच्या बैठकीतला पाऊण तास त्यातच गेला. वाघोली भागात दूध पोचवायला नवी गाडी सुरू करायची का, हे ठरवायला आम्ही बसलो होतो. तो विषय पुढच्या महिन्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही विभागांच्या क्वेऱ्या (डेटाबेसमधून आकडा काढण्याच्या आज्ञा) शेजारी शेजारी उघडून बसले. मार्केटिंगचा ‘सक्रिय’ म्हणजे मागच्या ३० दिवसांत ज्या मोबाइल नंबरावरून एकदा तरी अ‍ॅप उघडलं गेलं तो. एका घरात नवरा-बायको दोघांच्या फोनवर अ‍ॅप असेल तर ते दोन झाले. ऑपरेशन्सचा ‘सक्रिय’ म्हणजे चालू कॅलेंडर महिन्यात ज्या पत्त्यावर निदान एक पिशवी पोचली तो. फायनान्सचा ‘सक्रिय’ म्हणजे ज्याच्या नावाने बिल निघालं तो, म्हणून फुकट ट्रायलवाले त्यात नाहीत.

तिघांच्याही क्वेऱ्या बरोबर होत्या. एकीतही चूक सापडली नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त करून मोकळी झाले असते.

तुमच्याकडे हे कसं सोडवलं? व्याख्या कोण ठरवतं? आणि जुन्या रिपोर्टांचं काय करायचं?

ताळेबंद · सोमवार, रात्री ११:०२

मी सीए आहे. तुमचं भांडण ग्राहकावरून आहे, मी वीस वर्षं ‘विक्री’ या एका शब्दावरून हेच बघतोय.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. ग्राहकाने अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये दोन हजार भरले. सेल्सवाला त्या दिवशी दोन हजारांची विक्री धरतो. माझ्या लेखी ती रक्कम त्या दिवशी कंपनीवरचं देणं आहे, कारण दूध अजून द्यायचंय. दूध दारात पडेल तसतशी ती उत्पन्नात येईल. उत्पन्न कधी आणि किती धरायचं याचं हिशेबाचं मानक, १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेलं इंड एएस ११५, हेच सांगतं: माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर उत्पन्न, तेही सवलत वजा करून आणि सरकारच्या वतीने गोळा केलेला कर बाहेर ठेवून.

कराचं तर ताजंच उदाहरण आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पाकीटबंद पनीरवरचा ५ टक्के कर तर गेलाच. आता १०० रुपये मूळ किमतीचं तूप आधी ११२ ला जायचं, नंतर १०५ ला. डब्यांची संख्या तीच, मूळ दर तोच, आणि जो माणूस बिलाची एकूण रक्कम म्हणजे ‘विक्री’ धरतो त्याच्या डॅशबोर्डवर तुपाची विक्री सव्वासहा टक्क्यांनी पडलेली दिसते. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी यावरून शाखेच्या माणसाला खुलासा मागितला गेला. त्याने उलट दोन डबे जास्तच विकले होते.

म्हणून आमच्याकडे नुसता ‘विक्री’ हा शब्द रिपोर्टात लिहायला मनाई आहे. ‘ऑर्डर मूल्य, करासह’, ‘बिल मूल्य, कराशिवाय’, ‘निव्वळ विक्री, परतावा वजा’ अशी पूर्ण नावं. शीर्षक लांब होतं, चालतं.

पासंग · मंगळवार, सकाळी ६:५०

दुधाचा विषय निघाला म्हणून लिहितो. कोल्हापूर भागात संकलन आणि पॅकिंग दोन्ही बघितलंय.

आमच्याकडे संकलनाचा काटा किलोत आणि पिशवी लिटरमध्ये. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. संकलनाच्या रजिस्टरात १०३० किलो, पॅकिंगच्या रजिस्टरात १००० लिटर, आणि वरून नवीन आलेला मॅनेजर विचारतो की ३० कुठं गेलं? एक थेंब सांडलेला नसतो. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट: खरोखर घट झालेली असते आणि या ३ टक्क्यांच्या आड ती दडून राहते. आम्ही शेवटी ‘घट’ या शब्दाच्या पुढे किलो लिहिल्याशिवाय रजिस्टरवर सहीच करायची नाही असं ठरवलं.

दुसरं फॅटचं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरतो, वर-खाली झालं की दर वर-खाली. एका केंद्रावर १०० लिटर दूध ३.५ फॅटचं आलं, दुसऱ्यावर ९०० लिटर ४.० फॅटचं. ‘सरासरी फॅट किती?’ ऑफिसातला पोरगा दोन आकड्यांची बेरीज भागिले दोन करून ३.७५ लिहितो. टँकरमधून नमुना काढला की लागतं ३.९५. मग टँकरवाल्यावर नाहीतर मशीनवर संशय. केंद्राकेंद्राची सरासरी घेऊन तिची परत सरासरी कधीच काढायची नाही. फॅटचे किलो मोजा, दुधाचे किलो मोजा, शेवटी एकदाच भागा.

नोंदवही · मंगळवार, दुपारी १:२०

पासंग, तुमचा प्रतिसाद वाचून जेवण अर्धं ठेवून आमची ‘प्रति घर सरासरी ऑर्डर’ तपासली. आम्ही झोनवार सरासरी काढून तिची सरासरी शहराची म्हणून दाखवतोय. दीड वर्ष! कोथरूडच्या हजारो घरांना आणि नव्या झोनमधल्या मूठभर घरांना सारखंच वजन. नव्या झोनमध्ये ऑर्डर लहान असतात, त्यामुळे शहराचा आकडा विनाकारण खाली दिसत होता. आणि त्या खाली दिसणाऱ्या आकड्यावरून आम्ही तूप-पनीरच्या ऑफर काढल्या.

मधलाथर · मंगळवार, रात्री ९:३५

मी डेटा इंजिनिअर. माझं मत सरळ आहे: व्याख्या माणसांच्या डोक्यात आणि एक्सेलमध्ये असेल तोवर ती फुटणारच. ती कोडमध्ये एकाच जागी हवी. त्यासाठी तयार साधनं आहेत: डीबीटी (dbt) या साधनाचा सिमँटिक लेयर, म्हणजे व्याख्या ठेवायचा सामाईक थर, घ्या, लुकरमध्ये लुकएमएल आहे, क्यूब आहे, पॉवर बीआय वापरत असाल तर एकच सामाईक मॉडेल आणि त्यातच मेजर (आकडा काढायचं सूत्र) लिहा. डॅशबोर्ड बनवणाऱ्याने ‘सक्रिय_घर’ मागायचं, त्याची क्वेरी त्याने लिहायची नाही. व्याख्येत बदल म्हणजे गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी यंत्रणा) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मंजुरीसाठी मांडायचा; कोणी बदललं आणि का, कायमची नोंद. एअरबीएनबीने याच दुखण्यावर ‘मिनर्व्हा’ नावाची स्वतःची यंत्रणा उभी केली आणि २०२१ मध्ये तिच्याबद्दल जाहीर लिहिलं.

त्यात प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक गोष्ट जरूर नोंदवा: त्याची बेरीज चालते का. पोचलेल्या पिशव्या रोज मिळवत गेलात तर महिन्याच्या पिशव्या मिळतात. सक्रिय घरं अशी मिळवता येत नाहीत, चारही आठवडे दूध घेणारं घर चारदा मोजलं जाईल. कोल्ड स्टोअरेजमधला साठा सगळ्या डेपोंचा मिळवता येतो, पण सोमवारचा आणि मंगळवारचा साठा मिळवून काहीच निघत नाही.

आणि वेळ. तुमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे का? तुमचं दूध पहाटे पोचतं ना?

(आठवडा कुठून सुरू होतो तेही बघा. एक्सेलचं वीकनम, म्हणजे आठवड्याचा क्रमांक देणारं सूत्र, काही सांगितलं नाही तर रविवारपासून मोजतं, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आठवडा सोमवारी सुरू होतो.)

नोंदवही · बुधवार, रात्री ८:५५

मधलाथर, शेवटच्या दोन प्रश्नांनी आजचा पूर्ण दिवस खाल्ला आणि त्याबद्दल मनापासून आभार.

आमची दूध टाकणारी मुलं पहाटे चारला डेपोतून निघतात, सात-साडेसातपर्यंत सगळी दारं होतात. पिशवी ठेवली की अ‍ॅपवर ‘पोचलं’ दाबतात. ती वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीत साठते, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे ५:३० च्या आधी ठेवलेली प्रत्येक पिशवी आमच्या टेबलात आदल्या तारखेची!

एकच ओळ काढून बघितली. डेक्कनवरचं एक घर, १ एप्रिलला पहाटे ५:१० ला अर्धा लिटर. टेबलात: ३१ मार्च, २३:४०. नुसती तारीख नाही, महिना बदलला, आर्थिक वर्षसुद्धा बदललं. त्याच सोसायटीतलं वरच्या मजल्यावरचं घर, मुलगा जिना चढून ५:३४ ला पोचला, ते बरोबर १ एप्रिलला.

फायनान्स बिल भारतीय वेळेनुसार काढतं, ऑपरेशन्स त्या कच्च्या टेबलावरून. म्हणून दर महिन्याच्या कडेला आमचा ताळा बसत नव्हता आणि ‘डेटा थोडा इकडेतिकडे असतोच’ म्हणून सगळे गप्प बसायचे. मीही बसायचे. अधिक वाईट म्हणजे, जो मुलगा लवकर निघून लवकर संपवतो, त्याच्या जास्त पिशव्या आदल्या दिवसात जायच्या आणि ‘वेळेत पोचलं’ हा आकडा त्याचाच बिघडलेला दिसायचा. त्याच्या नावावर दोनदा शेरा बसलाय. उद्या तो काढून घ्यायला सांगणार आहे.

उंबरठा · गुरुवार, सकाळी ११:१०

मी सेल्समध्ये एरिया मॅनेजर आहे, वेगळ्या धंद्यात. मधलाथर म्हणतात ते सगळं बरोबर, पण कोडमध्ये काय लिहायचं हे कोण ठरवणार? आमच्याकडे भारी टूल आलं. वर्षभराने त्यात ‘सक्रिय’चे सात मेजर होते, प्रत्येक विभागाने आपापलं लिहिलेलं. पूर्वी भांडण एक्सेलमध्ये होतं, आता टूलमध्ये.

या शब्दावर लोकांचे पैसे आहेत, ते आधी समजून घ्या. माझा तिमाही बोनस सक्रिय दुकानांवर होता. व्याख्या अशी की महिन्यात एक तरी बिल झालं पाहिजे. मग २८-२९ तारखेला आम्ही काय करायचो? बंद पडलेल्या दुकानात सर्वांत स्वस्त मालाची एक पेटी टाकायची, पुढच्या महिन्यात परत घ्यायची. सगळे करत होते, मीही केलं, आणि त्याचा मला आज खेद आहे. कारण एका दुकानदाराने ती परत केलेली पेटी स्वतःच्या खिशातून सोसली, त्याचं क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) कधी निघालंच नाही.

त्यामुळे माझं सांगणं: व्याख्येचा मालक तो नको ज्याचा बोनस तिच्यावर आहे. आणि ती ठरवताना प्रत्यक्ष फिरणारी दोन माणसं बसवा. कुठे फट आहे ते आम्हाला पहिल्या मिनिटात दिसतं.

ताळेबंद · गुरुवार, दुपारी ३:४५

उंबरठा, इतकं उघडपणे लिहिल्याबद्दल आदर वाटला.

शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, नेमका हा विचार केलाय. नोव्हेंबर २०२२ पासून, आयपीओच्या (पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या) कागदपत्रात कामगिरीचे जे मुख्य आकडे (केपीआय) द्यायचे त्यांची व्याख्या लिहावी लागते, ऑडिट कमिटीची मंजुरी लागते आणि सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. गुंतवणूकदाराला जी शिस्त मिळते ती स्वतःच्या संचालकाला का मिळू नये?

जनगणक · गुरुवार, रात्री १०:२०

सरकारी सांख्यिकी खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. आपण सगळे ‘तीनांपैकी एक निवडा’ याकडे चाललो आहोत, तिथे थोडं थांबवतो.

बेरोजगारीचा दर घ्या. आपल्या देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षासाठी तो ३.२ टक्के आहे. त्याच सर्वेक्षणात, त्याच वर्षासाठी तो ५.१ टक्केही आहे. पहिला ‘नेहमीच्या स्थिती’नुसार, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांचा विचार करून. दुसरा ‘चालू साप्ताहिक स्थिती’नुसार, मागच्या ७ दिवसांचा. शेतमजुराला सुगीत काम असतं, उन्हाळ्यात नसतं. पहिला दर त्याची एक बाजू दाखवतो, दुसरा दुसरी. दोन्ही छापतात, दोन्हींची नावं वेगळी, आणि कुठल्या प्रश्नाला कुठला वापरायचा ते अभ्यासकाला ठाऊक असतं.

तुमच्या मार्केटिंगला अ‍ॅप किती जण उघडतात हे कळायलाच हवं. तो आकडा मारू नका, त्याचं नाव बदला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढंच तिथलं दुखणं आहे.

जुन्या रिपोर्टांविषयी: व्याख्या बदलली की मागची मालिका नव्या व्याख्येने पुन्हा मोजायची आणि काही काळ दोन्ही शेजारी ठेवायच्या. जानेवारी २०१५ मध्ये जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून मोजतात ते) २००४-०५ वरून २०११-१२ झालं, मोजण्याची पद्धतही बदलली. २०१३-१४ ची वाढ ४.७ टक्के होती ती ६.९ झाली. नव्या पद्धतीने मागच्या वर्षांची मालिका यायला पुढे काही वर्षं गेली आणि त्या काळात जो तो आपल्या सोयीने जुन्या-नव्याची तुलना करत राहिला. खात्यात असताना लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना काय यातना झाल्या त्या मी जाणतो.

रातवा · शुक्रवार, रात्री १२:३०

जनगणक यांच्याशी पूर्ण सहमत. नेटफ्लिक्सनेही असंच केलं होतं. आधी एखाद्या भागाचा ७० टक्के हिस्सा बघितला तर ‘बघितला’ धरत. २०१९ च्या शेवटच्या तिमाहीत ते दोन मिनिटांवर आणलं, आणि सोबतच जाहीर केलं की यामुळे आकडा सरासरी ३५ टक्क्यांनी मोठा दिसेल. पुढे २०२१ मध्ये एकूण तासांवर गेले, २०२३ मध्ये तास भागिले कार्यक्रमाची लांबी. दोन मिनिटांची व्याख्या मला पटत नाही, पण ३५ टक्के फरक स्वतः सांगितला हे मात्र योग्य केलं.

मधलाथर · शुक्रवार, सकाळी ९:१५

उंबरठा, तुमचं म्हणणं मान्य. आधी टूल म्हणालो, ते मागे घेतो. आधी कागद, मग कोड. पण कागदावरच थांबू नका हेही तितक्याच आग्रहाने सांगतो, नाहीतर सहा महिन्यांनी तो कागद कुठल्या फोल्डरात आहे हे शोधावं लागतं.

नोंदवही · तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

उशीर झाला, क्षमस्व. काय झालं ते सांगते.

पाच जण बसलो: ऑपरेशन्स, फायनान्स, मार्केटिंग, मी आणि उंबरठा यांनी सुचवल्याप्रमाणे सिंहगड रोडच्या डेपोचा सुपरवायझर. पहिल्याच दहा मिनिटांत त्याने विचारलं, "गावाला गेलेलं घर तुम्ही कशात धरता?" मे महिन्यात आणि गणपतीत शेकडो घरं पंधरा-पंधरा दिवस दूध थांबवतात. आमच्यातल्या एकानेही त्याचा विचार केला नव्हता. अ‍ॅपवर त्याला ‘सुट्टी’ म्हणतात, आणि मार्केटिंग त्यांना सोडून गेलेले समजून परत आणण्यासाठी सवलतीचे मेसेज पाठवत होतं.

‘सक्रिय ग्राहक’ हा शब्द आम्ही काढून टाकला. आता तीन नावं आहेत. ‘अ‍ॅप उघडणारे नंबर’ मार्केटिंगचं. ‘बिल झालेली घरं’ फायनान्सचं. आणि गाडी, डेपो, मुलं यांचे निर्णय ज्यावर घ्यायचे ते हे, पानावर लिहिलंय तसंच्या तसं देते:

दूध घेणारी घरं: भारतीय वेळेनुसार कॅलेंडर महिन्यात ज्या पत्त्यावर निदान चार वेगवेगळ्या दिवशी पैसे मोजून घेतलेली पिशवी पोचली, असे पत्ते. फुकट ट्रायल धरायची नाही. परत आलेली पिशवी पोचलेली नाही. सुट्टीवरची घरं यात धरायची नाहीत, ‘सुट्टीवर’ म्हणून शेजारी वेगळी दाखवायची. झोनची बेरीज चालते, महिन्यांची बेरीज चालत नाही. व्याख्येची मालकी फायनान्सकडे, कारण त्यांच्या विभागात कोणाचाही बोनस यावर नाही. बदल करायचा तर एक महिना आधी सांगायचं आणि मागचे बारा महिने नव्याने मोजून द्यायचे.

‘चार दिवस’ यावर सर्वांत जास्त वाद झाला. मार्केटिंगला एक हवा होता, ऑपरेशन्सला दहा. सुपरवायझर म्हणाला, आठवड्यातून एकदाच घेणारं घरही त्याच्या मुलाच्या वाटेवर असतं, त्याला त्या जिन्यावर चढावंच लागतं. म्हणून महिन्याचे चार.

वेळेची चूक काढून, नव्या व्याख्येने मोजल्यावर ४१ हजारांचे ३६ हजार झाले. संचालकांना ते आधीच एकटीने जाऊन सांगितलं, दोन्ही मालिका छापून. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "वाघोलीत किती?" ते तयार होतं. परवाच्या आढाव्यात आकड्यावर पाच मिनिटं गेली, उरलेला वेळ वाघोलीवर. पूर्ण गाडी नाही, एक तीनचाकी, पहिल्या तारखेपासून.

त्या मुलाच्या नावावरचे दोन्ही शेरे निघाले. सुपरवायझरने माझ्यासमोर त्याला फोन करून सांगितलं.

एक गाठ राहिलीय. खराडीत काही पीजी (पेइंग गेस्ट ठेवणारी वसतिगृहं) आहेत, एक पत्ता आणि रोज चाळीस पिशव्या. त्याला एक घर म्हणायचं का?

पासंग · रविवार, रात्री ८:०५

म्हणू नका. आमच्याकडे मेस, हॉस्टेल, चहाच्या टपऱ्या ‘घाऊक’ म्हणून वेगळ्या खात्यात असतात. एक पीजी बंद पडलं की तुमच्या घरांच्या आकड्यात एकच कमी होईल आणि दूध मात्र चाळीस पिशव्यांनी उरेल. डेपोवाल्याला ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळायला हवं.

नोंदवही · रविवार, रात्री ८:२०

रोज दहापेक्षा जास्त पिशव्या जाणारे पत्ते किती आहेत ते उद्या काढते आणि इथेच लिहिते.